शेवगा, सोऱ्या आणि केकची पिचकारी



बिनअंड्याच्या केकवर लिहिल्यापासून तुमच्यापैकी बऱ्याच जणींचा एकच प्रश्न आला आहे. केकवर दोऱ्या, वेण्या, गवत, केस असं काढायला जी पिचकारी मिळते, जिला दुकानात एक्सट्रूडर किंवा शुगर गन म्हणतात, ती कोणती घ्यावी? स्वस्त हवी आणि हाताला सोपी हवी. उत्तर चार ओळींत देता आलं असतं. पण मी दोनदा पैसे घालवून आणि एकदा मोठी चूक करून शिकले आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. शिवाय ही पिचकारी आपल्याला परकी नाहीच. तिचं कूळ आपल्याच फळीवर, चकलीच्या सोऱ्याशेजारी बसलेलं आहे.

माझं माहेर कोल्हापूरकडचं. बी.कॉम. झाले आणि १९८२ साली लग्न होऊन मालवणात आले. सिंधुदुर्ग जिल्हा होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. माहेरी चकलीचा पितळी सोऱ्या होता, पण सासरच्या स्वयंपाकघरात कोपऱ्यात एक लाकडी घोडा उभा दिसला. चार पाय, मधे भोक, भोकात पितळी जाळी आणि वरून दाबायला लांब दांडा. मी विचारलं, हे काय? सासूबाई हसल्या. "शेवगो गो. शिरवाळे खाल्लंस नाय कधी?"

शिरवाळ्यांचं शास्त्र

शिरवाळे म्हणजे तांदळाच्या ताज्या शेवया. तांदळाच्या पिठाचे मुटके उकळत्या पाण्यात शिजवायचे, गरम असतानाच शेवग्यात घालायचे आणि दांड्यावर जोर द्यायचा. एकीने दाबायचं, दुसरीने खाली ताट फिरवायचं. वरून नारळाचा रस, त्यात गूळ आणि वेलची. पहिल्या वर्षी मी एक मुटका निवू दिला आणि दांड्याला लोंबकळले, तरी शेवई बाहेर येईना. शेजारच्या काकी दारातूनच ओरडल्या, "गो बाय, गरम असताना दाबूक व्हया, थंड झाला तर हात मोडतले!"

त्या एका वाक्यात या सगळ्या यंत्रांचं शास्त्र आहे. तांदळात गव्हासारखा चिकटा नसतो. पीठ शिजून त्यातला स्टार्च फुगला तरच ते धरून राहतं आणि तेही गरम असेपर्यंतच मऊ असतं. गोळा नीट मळलेला आणि ऊबदार हवा, भोक बेताचं हवं आणि जोर सरळ रेषेत हवा. शेवई, चकली, खाजं किंवा केकवरची वेणी, नियम तोच.

खाज्याचंही तेच. आपल्या जत्रांतून मिळणारं मालवणी खाजं म्हणजे मुळात बेसनाची जाड शेवच. ती तळून गुळाच्या पाकात घोळवतात. बाजारात त्यात आलं असतं, म्हणून आमच्या घरी सुंठ घालून करतात. बाकी कृती तीच.

हजार वर्षांची चाल

हे यंत्र किती जुनं असेल? आपल्या जिल्ह्यातलं खारेपाटण तुम्हाला माहीत आहे, तिथलं जुनं जैन मंदिरही. त्याच खारेपाटणला शिलाहार राजा रट्टराजाचा ताम्रपट सापडला, तो इ.स. १००८ चा. त्यात चालुक्य राजा सत्याश्रय याचं अधिराज्य मान्य केलेलं आहे. त्यानंतर सुमारे सतरा वर्षांनी, १०२५ च्या आसपास, त्याच चालुक्य घराण्यातल्या जयसिंहाच्या आश्रयाला असलेल्या चावुंडरायाने कन्नडमध्ये 'लोकोपकार' नावाचा ग्रंथ लिहिला. शेती, पाणी, औषध, स्वयंपाक अशा संसाराला लागणाऱ्या सगळ्या विषयांचा तो ग्रंथ आहे. त्यात शाविगे म्हणजे शेवया कशा कराव्यात हे आहे आणि त्या दाबायच्या साच्याचाही उल्लेख आहे. म्हणजे खारेपाटणचा ताम्रपट कोरला गेला त्याच पिढीत, त्याच राज्यात, बायका शेवया दाबत होत्या.

चावुंडराय हे नाव वाचून तुम्ही चमकला असाल. श्रवणबेळगोळला बाहुबलींची मूर्ती घडवून घेणारा गंगांचा मंत्री चावुंडराय तो हा नव्हे. तो आधीचा. लोकोपकारवाला दुसरा, आणि तो शैव होता. मीही आधी आनंदाने फसले होते.

आपला माणूस हवाच असेल तर पुढे आहे. कल्लहळ्ळीचा मंगरस हा जैन राजा. त्याने १५०८ च्या सुमारास 'सूपशास्त्र' नावाचा कन्नड ग्रंथ पद्यात लिहिला. संपूर्ण शाकाहारी पाककृतींचा ग्रंथ, आणि लिहिणारा राजा! आपल्या घरातले पुरुष चहा केला तरी सांगत फिरतात, म्हणून ही माहिती मुद्दाम दिली.

पिळाची युक्ती युरोपातही होती. अमेरिकेचे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले थॉमस जेफरसन यांनी १७८७ च्या सुमारास मॅकरोनीच्या यंत्राचं चित्र काढून ठेवलं आहे. नळकांडं, आट्यांचा दट्ट्या आणि खाली भोकांची चकती. आपला पितळी फिरकीचा सोऱ्या डोळ्यांसमोर आणा, फारसा फरक नाही.

केकची गोष्ट वेगळी का

केकवरची नक्षी मात्र दुसऱ्या वाटेने आली. भारतीयाने केलेला पहिला नाताळचा केक केरळातल्या थलश्शेरीला १८८३ साली मांबळ्ळी बापूंनी केला असं सांगतात. नक्षीची पद्धत इंग्रजी होती. जोसेफ लँबेथ यांचं केकसजावटीचं गाजलेलं पुस्तक १९३४ चं. अमेरिकेत शिकागोला विल्टन यांनी १९२९ पासून हे शिकवायला सुरुवात केली. आजही नळ्यांच्या डब्यांवर ते नाव दिसतं.

या सगळ्या नक्षीचा पाया होता रॉयल आयसिंग, म्हणजे साखर आणि अंड्याचा पांढरा भाग. तो वाळून कडक होतो, म्हणून बारीक जाळी उभी राहते. तेव्हा आपल्यासाठी तो रस्ता बंदच होता. १९४५ साली अमेरिकेत बफेलो शहरात रॉबर्ट रिच यांनी सोयाबीनपासून फेटता येणारं क्रीम केलं. त्या जातीची वनस्पतिजन्य क्रीम आपल्याकडे आली आणि बिनअंड्याचा सजवलेला केक घरोघर शक्य झाला. पण क्रीमच्या बारीक दोऱ्या टिकत नाहीत. त्यासाठी आला फाँडंट, साखरेचा मळलेला गोळा. आणि फाँडंट दाबायला आली ही पिचकारी.

इथेच आमच्या घरात घोटाळा झाला.

हिरवा ठिपका कुठे होता?

२०१७ साली नातीच्या सहाव्या वाढदिवसाला आम्ही केक बाहेरून मागवला. बिनअंड्याचा हवा असं दोनदा सांगितलं होतं आणि तो बिनअंड्याचा होताही. वर सुंदर बाहुली होती, पिवळ्या लांब केसांची. सूर्यास्ताच्या आत केक कापला, सगळ्यांनी खाल्ला. सासूबाईंनीही बाहुलीच्या झग्याचा एक तुकडा घेतला. तेव्हा त्या ८५ वर्षांच्या होत्या.

आठ दिवसांनी सूनबाई त्याच ठिकाणी कशाला तरी गेली. तिथे फाँडंटचा डबा उघडा होता. सवयीने तिने मागचं लेबल वाचलं. जिलेटिन. जिलेटिन म्हणजे प्राण्यांची हाडं आणि कातडी यांपासून काढलेला चिकट पदार्थ. करणारीने फसवलं नव्हतं. तिला बिनअंड्याचं सांगितलं होतं, तिने अंडं घातलं नव्हतं. विचारायचं ते आम्हीच विचारलं नव्हतं.

सूनबाई रडत घरी आली. आता प्रश्न होता सासूबाईंना सांगायचं की नाही. माझे यजमान म्हणाले, नको. या वयात कशाला मनाला लावायचं, झालं ते अजाणता झालं. दोन दिवस मीही गप्प राहिले. पण सामायिकाला बसलं की तेच डोळ्यांपुढे येई. ज्या बाईने साठ वर्षं पाणी गाळल्याशिवाय तोंडात घेतलं नाही, तिच्यापासून हे लपवायचा अधिकार मला कुणी दिला?

तिसऱ्या दिवशी सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "नेणता झाला ता झाला. पण तू लपवून ठेवलंस असतंस तर ता तुझ्या माथ्यार रवला असता." त्यांनी महिनाभर गोडाचा त्याग केला. मीही केला. सूनबाईला मात्र त्यांनी करू दिला नाही, ती तेव्हा गरोदर होती.

तेव्हापासून मी लेबलं अभ्यासासारखी वाचते. वेष्टनावरचा हिरवा ठिपका आपल्याकडे २००१ पासून आला. मांसाहारी पदार्थाला पूर्वी तपकिरी ठिपका असे, आता तपकिरी त्रिकोण असतो. जिलेटिन असेल तर हिरवा ठिपका देता येत नाही. पण मैत्रिणींनो, हिरवा ठिपका म्हणजे आपला नियम नव्हे. कायद्याच्या व्याख्येत मध, मधमाशांचं मेण आणि लाख यांना मांसाहारी धरलेलं नाही. केकवरच्या चकचकीत गोळ्यांवर लाखेचा लेप असू शकतो, त्याचा क्रमांक ९०४. मेणाचा ९०१. लाल रंगात १२० दिसला तर तो किड्यांपासून काढलेला कारमाइन. कंदमुळांबद्दल तर तो ठिपका काहीच सांगत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे केकच्या सामानाच्या दुकानात फाँडंट सुटा, साध्या पिशवीत बांधून मिळतो. त्यावर लेबलच नसतं. तो घेऊच नका.

बाहुली की परडी

पुढच्या वर्षी नात सात वर्षांची होणार होती. मी म्हटलं, केक घरी करू आणि केस काजूच्या गोळ्याचे करू. काजूकतलीचं पीठ म्हणजे आपलं फाँडंटच. काजू पोर्तुगीजांनी आणला, पण आता आपला झाला. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात तर त्याच्या जाती तयार झाल्या, वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७. शेजारी गोव्यात नाताळला बदामाऐवजी काजूचं मार्झिपान करतातच. त्यात बरेच जण अंड्याचा पांढरा भाग घालतात, तेवढा आपण वगळायचा.

सासूबाईंनी ऐकलं आणि विचारलं, "बावली करतलंस? आणि ती कापूची? यशोधर राजाची कथा विसारलंस काय गो?"

मी विसरलेच होते. यशोधर राजाने आईच्या आग्रहाखातर खरा नव्हे, तर पिठाचा कोंबडा देवीला बळी दिला. जीव गेला नाही, पण मारण्याचा संकल्प झाला, आणि त्यापायी मायलेकांना कितीतरी जन्म पशुपक्ष्यांच्या योनीत काढावे लागले. सोमदेवसूरींच्या 'यशस्तिलका'त (इ.स. ९५९) ही कथा आहे. पुष्पदंतांनी ती अपभ्रंशात सांगितली, जन्नाने १२०९ मध्ये कन्नडमध्ये. हजार वर्षं जैन घरांत ही कथा सांगितली जाते, आणि आम्ही मात्र वाढदिवसाला बाहुलीची मान सुरीने कापून टाळ्या वाजवत होतो. मुलीच्या मनात हिंसा नसते हे खरं. पण नको ती सवय कशाला लावायची?

नात हिरमुसली. शेवटी तिच्याशी तह झाला. बाहुली नाही, पण बाहुलीच्या वेणीसारखी वेणी. परडीचा केक करायचा, परडीचा कान तीनपदरी वेणीचा आणि आत आबोलीची फुलं.

रंगाचा प्रश्न आला. बीट, गाजर आपल्याला चालत नाही. मी पाकात केशर घातलं आणि आमसुलाचं चमचाभर घट्ट पाणी. आबोलीचा रंग अगदी आबोलीसारखा उतरला.

मग यंत्र. पहिली पिचकारी मी ऑनलाइन मागवली होती, ३५० रुपयांची, ॲल्युमिनियमची, सोबत वीस चकत्या. पांढऱ्या गोळ्यातून करड्या रेघा येऊ लागल्या. ॲल्युमिनियम घासलं गेलं की काळपट सुटतं, आणि आमसुलासारखा आंबट पदार्थ असला तर आणखीच. फेकून दिली. दुसरी प्लास्टिकची, नुसती दाबायची. तिचा दट्ट्या तिसऱ्या वेळी वाकला. वाढदिवस परवावर आलेला. सासूबाईंनी बसल्या जागेवरून बोट दाखवलं, "शेवगो काढ." मोठ्या भोकांची जाळी घालून आम्ही शेवग्यातूनच दोऱ्या काढल्या. मी दाबलं, सूनबाईने ताट धरलं आणि सासूबाईंनी थरथरत्या हातांनी वेणी घातली. तो केक सगळ्यांनी निःशंक मनाने खाल्ला. त्यांचा तो शेवटचा वाढदिवसाचा केक. पुढच्या पावसाळ्यात त्या गेल्या.

तर मग काय घ्यावं

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. शेवगा सगळ्यांकडे नसतो आणि रोज काढण्यासारखा तो नाहीही. पुढे मी स्टीलची पिचकारी घेतली, ती आजही चालू आहे.

१. पिळाची घ्या, दाबायची नको. आट्यांवर फिरवताना जोर थोडाथोडा आणि सारखा लागतो. मनगट दुखणाऱ्या आपल्या वयाच्या बायकांना तीच झेपते. दोरीही एकसारखी जाड येते.

२. नळी लहान घ्या. मी कॉमर्सवाली, म्हणून हिशोब करते. चकलीच्या सोऱ्याचा व्यास ५ सेंमी धरा आणि पिचकारीचा २ सेंमी. जोर व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात लागतो, म्हणजे २५ विरुद्ध ४. तेवढाच दाब आणायला सोऱ्याला सव्वासहा पट जोर हवा. माल कमी मावतो, पण सजावटीला लागतो किती?

३. स्टील पाहा. नळी, दट्ट्या आणि चकत्या तिन्ही स्टीलच्या आहेत ना, हे विचारून घ्या. कित्येकदा चकत्याच तेवढ्या स्टीलच्या असतात.

४. चकत्यांच्या संख्येला भुलू नका. वीसपैकी मी पाचच वापरते. एक गोल भोक, तीन गोल भोकं, बारीक जाळी, सपाट पट्टी आणि चौकोन. तेवढ्यात दोरी, वेणी, गवत, परडीचा विणकाम आणि काठ सगळं होतं.

५. पूर्ण उघडणारी घ्या. आत साखर राहिली की मुंग्या येतात, आणि मग धुताना त्यांचा जीव जातो. वापरल्याबरोबर गरम पाण्याने धुवून, पुसून, कोरडी करून ठेवा. रात्रभर भिजत ठेवू नका.

६. वर्षातून एकदोनदाच केक करत असाल तर काही घेऊ नका. घरच्या चकलीच्या सोऱ्यात शेवेची मोठी चकती घाला. तेलाचा वास जाईपर्यंत घासा म्हणजे झालं. माझी स्टीलची ६५० रुपयांना पडली. वर्षाला दोन केक धरले तर पाच वर्षांत केकमागे ६५ रुपये. केक विकणाऱ्या मुलीला हे परवडतं, हौशीला सोऱ्या पुरतो.

गोळ्यासाठी २०० ग्रॅम काजू आणि १०० ग्रॅम साखर घ्या. काजू मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवा, सलग फिरवलं तर तेल सुटतं आणि दोरी तुटते. एकतारी पाकात शिजवून गोळा मळा. जरा सैलच ठेवा, आणि काकींचं वाक्य आठवा. ऊबदार असतानाच दाबा.

आमचा शेवगा अजून त्याच कोपऱ्यात आहे. दांड्याला जिथे हात लागतो तिथलं लाकूड गुळगुळीत झालं आहे. त्या जागी माझ्याआधी सासूबाईंचा आणि त्यांच्याआधी त्यांच्या सासूबाईंचा हात होता. नात आता मोठी झाली, परवा तिनेच शिरवाळे दाबले. मैत्रिणीच्या वाढदिवसाला केक मागवायचा होता, तर फोनवर तिचा पहिला प्रश्न ऐकला, "फाँडंटच्या डब्याचं लेबल वाचून दाखवता का?"

लिहिताना काही चुकलं असेल, कुणाचं मन दुखावलं असेल, तर क्षमा असावी.

जय जिनेंद्र.